दातांचा रंग आणि दातांचे आरोग्य

(शिक्षक, पंचायतींचे सदस्य आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यासाठी भरलेल्या आरोग्य शिक्षण शिबिरात एका दंतवैद्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लसीकरण, माता-बालकांचे पोषण, पिण्याचे शुद्ध पाणी अशा विषयांच्या पंक्तीत "दात पांढरे कसे करावेत" हा विषय काहींना किरकोळ वाटेल. हा शहरी लोकांच्या हौसेचा प्रश्न आहे, असेही कोणी म्हणेल. तथापि ही हौस आज खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली आहे. मोबाइलच्या पडद्यावर शुभ्र दातांच्या जाहिराती दिसतात. कोळशाची काळी पेस्ट, दातांवर चिकटवावयाच्या पट्ट्या, निळ्या दिव्याचे संच असा माल घरपोच मिळू लागला आहे. विवाहयोग्य वयाच्या मुली, नोकरीच्या मुलाखतीस निघालेले तरुण, शाळेत सोबत्यांच्या चेष्टेला कंटाळलेली मुले या मालाकडे वळतात. दात हा चेहऱ्याचा भाग आहे आणि नीटनेटके दिसावे असे वाटण्यात गैर काहीच नाही.

दंतवैद्याकडे येणारा माणूस विचारतो, "डॉक्टर, माझे दात पांढरे होतील का?" त्यावर दंतवैद्याने प्रथम स्वतःलाच विचारावयाचा प्रश्न असा असतो की, हे दात रंगले कशामुळे? कारण कळल्याशिवाय केलेला उपाय बहुधा वाया जातो आणि कित्येकदा अपायही करतो. काही वेळा तर तो डाग आपणांस एखाद्या मोठ्या गोष्टीची सूचना देत असतो आणि आपण ती सूचनाच पुसून टाकण्याच्या खटपटीला लागतो. आजच्या माझ्या बोलण्याचे सार एवढेच आहे. बाकीचा सर्व तपशील त्यासाठी आहे.

दात मुळात पांढरा नसतो

दाताचा जो भाग आपणांस दिसतो त्यावर एनॅमल म्हणजे दंतवल्क नावाचे कवच असते. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाच्या हिशेबाने त्यात सुमारे ९६ टक्के खनिज द्रव्य असते. या कवचात जिवंत पेशी नसतात. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते. परंतु एकदा झिजलेले दंतवल्क शरीर पुन्हा तयार करू शकत नाही. हे ज्याने लक्षात ठेवले, तो आपल्या दातांवर खरखरीत वस्तू घासण्यापूर्वी दोनदा विचार करील.

दंतवल्क काहीसे पारदर्शक असते. त्याच्या खाली दंतिन नावाचा थर असतो आणि त्याचा रंग फिकट पिवळा असतो. वरच्या कवचातून तो पिवळेपणा थोडाफार दिसतो. म्हणजे निरोगी दाताचा स्वाभाविक रंग किंचित पिवळसरच असतो आणि माणसागणिक तो कमीअधिक असतो. वयाबरोबर दंतवल्क झिजून पातळ होते, आतला दंतिनाचा थर जाड होतो आणि दात अधिक पिवळे दिसू लागतात. साठीतल्या माणसाचे दात विशीतल्या तरुणासारखे दिसत नाहीत, यात रोग काही नाही. जाहिरातीतील कागदासारखे पांढरे दात बहुतेक वेळा दिव्यांची आणि छायाचित्रावरील प्रक्रियेची किमया असते. ती मोजपट्टी धरून स्वतःस कमी लेखण्याचे कारण नाही.

बाहेरचा डाग आणि आतला डाग

दातांवरील डागांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग बाहेरून बसणाऱ्या डागांचा. चहा, कॉफी, पानातील कात, विडी-सिगारेट, तंबाखू, मशेरी यांचे डाग या वर्गात येतात. रक्तवाढीसाठी दिले जाणारे लोहाचे पातळ औषध घेतल्याने मुलांचे दात काळसर दिसतात, तेही डाग वरवरचेच असतात. त्यांना भिऊन औषध बंद करू नये. औषध दिल्यावर चूळ भरावयास लावली आणि पुढे दात साफ करून घेतले की ते निघतात. काही जंतुनाशक गुळण्यांची औषधे दीर्घकाळ वापरल्यानेही दातांवर तपकिरी थर येतो. याच वर्गात किटण येते. दातांवर साचलेला चिकट थर वेळच्या वेळी घासला गेला नाही म्हणजे लाळेतील क्षारांमुळे तो दगडासारखा टणक होतो आणि हिरड्यांच्या कडेने पिवळा-काळा दिसू लागतो.

दुसरा वर्ग आतल्या डागांचा. येथे रंग दाताच्या घडणीतच मुरलेला असतो. मूल खेळताना पडले, समोरच्या दाताला मार बसला आणि आतली नस मेली, तर तो एकच दात काही महिन्यांनी करडा होतो. टेट्रासायक्लिन या वर्गातील औषधे गरोदरपणाच्या उत्तरार्धात आईस अथवा आठ वर्षांच्या आतील बालकास दिली गेली, तर ती घडत असलेल्या दातातील कॅल्शियमशी बांधली जातात आणि दातांवर करडे-तपकिरी पट्टे येतात. याच वर्गात आणखी एक डाग येतो. तो पिण्याच्या पाण्यातून येतो आणि त्याविषयी मी शेवटी सविस्तर बोलणार आहे.

बाहेरचा डाग साफ करता येतो. आतला डाग घासून जात नाही. ही एवढी गोष्ट जरी घरोघरी पोहोचली, तरी पुष्कळ पैसा आणि पुष्कळ दंतवल्क वाचेल.

मशेरी हे मंजन नव्हे

आपल्या महाराष्ट्रात दात स्वच्छ करण्याचे साधन म्हणून जे अनेक घरांत वापरले जाते, त्याचा उल्लेख येथे करणे भाग आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करतात. तिला मशेरी म्हणतात, काही भागांत मिसरी म्हणतात. सकाळी दात घासण्यासाठी म्हणून सुरू झालेली ही सवय पुढे दिवसातून तीन-चार वेळा हिरडीवर पूड दाबून ठेवण्यापर्यंत जाते, कारण तंबाखूतील निकोटीन हिरडीतून रक्तात शोषले जाते आणि त्याची तलफ लागते. ज्या मायभगिनी विडीला कधी हात लावणार नाहीत, त्याच मशेरीला व्यसन मानीत नाहीत. हेच तिचे खरे बळ आहे.

मुंबईत सुमारे १२०० गर्भवती स्त्रियांची पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, धूररहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन जन्मतः सरासरी १०५ ग्रॅमने कमी होते आणि अशा स्त्रियांत मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाणही बरेच अधिक होते. त्या स्त्रियांत सर्वाधिक वापर मशेरीचाच होता. तेव्हा हा प्रश्न दातांच्या रंगापुरता राहत नाही. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर वेगळाच.

तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर व टूथपेस्टवर केंद्र शासनाने १९९२ साली बंदी घातली आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत कोणताही कायदा पोहोचत नाही. तेथे शिक्षिका, अंगणवाडी सेविका आणि आशा सेविका यांचा शब्दच पोहोचू शकतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे २४ टक्के लोक धूररहित तंबाखूचे सेवन करीत होते, म्हणजे जवळजवळ दर चार माणसांत एक. तंबाखू चालू ठेवून दात पांढरे करून घेणे म्हणजे गळक्या छपराखाली भिंत रंगविण्यासारखे आहे. शिवाय तोंडात न भरणारी जखम, पांढरा अथवा लाल चट्टा, किंवा तोंड पूर्ण न उघडणे यांपैकी काही असेल, तर दातांचा रंग बाजूला ठेवून प्रथम तोंडाची तपासणी करून घ्यावी. सुपारी व गुटखा यांच्यामुळे कोवळ्या वयातील मुलांचेही तोंड आखडते, हे शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावे.

घरगुती उपायांची पारख

राखुंडी, विटेची पूड, कोळसा, मीठ यांनी दात घासण्याची चाल जुनी आहे. यांनी डाग निघतो हे खरे. पण डागाबरोबर दंतवल्कही खरवडले जाते. कवच पातळ झाले म्हणजे आतला पिवळा थर अधिक दिसू लागतो. म्हणजे पांढरे करण्याच्या प्रयत्नात दात अखेर अधिक पिवळे होतात आणि गार पाणी लागताच सणक जाऊ लागते. काही लाल मंजनांत गेरू असतो. त्याने रोज जोराने घासणेही याच कारणासाठी चांगले नाही. आजची कोळशाची पेस्ट म्हणजे जुनाच कोळसा नव्या नळीत भरलेला आहे. अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २०१७ साली यासंबंधीच्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध झाला. कोळशाच्या मंजनांपासून होणाऱ्या लाभास अथवा त्यांच्या सुरक्षिततेस पुरेसा आधार मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

लिंबू चोळणे हा दुसरा लोकप्रिय उपाय. लिंबाच्या रसाची आम्लता इतकी तीव्र असते की तिच्यामुळे दंतवल्कातील क्षार विरघळू लागतात. सर्वसाधारणपणे सामू ५.५ च्या खाली गेला की दंतवल्क विरघळू लागते आणि लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३ च्या दरम्यान असतो. लिंबू आहारात उत्तम, दातावर चोळण्यास अयोग्य. खाण्याचा सोडा त्यामानाने मऊ असतो व वरवरचे डाग काढण्यास काहीसा उपयोगी पडतो. परंतु लिंबू आणि सोडा एकत्र करून जो फेस येतो, त्यात दोघांचेही गुण एकमेकांना मारून जातात. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी चावून मऊ कुंचला केला आणि हलक्या हाताने फिरविली, तर तीत वाईट काही नाही. मात्र कोरडी काडी जोराने घासल्याने हिरड्या सोलून निघतात.

दात शुभ्र करणारी म्हणून विकली जाणारी टूथपेस्ट केवळ वरवरचे डाग कमी करते. काहींमध्ये किंचित निळे रंगद्रव्य असते. पांढऱ्या कपड्याला नीळ घातल्यावर तो जसा अधिक पांढरा दिसतो, तसाच तो परिणाम असतो. जत्रेत किंवा रस्त्याच्या कडेला बसून एखादा द्रव लावून क्षणात दात पांढरे करून देणाऱ्यांपासून मात्र दूरच राहावे. अशा द्रवात तीव्र आम्ल असेल, तर डागासोबत दाताचा पृष्ठभागही कायमचा जातो.

दंतवैद्याकडील उपाय

पहिला आणि बहुतेकांना पुरेसा ठरणारा उपाय म्हणजे यंत्राने दात साफ करून घेणे. किटण व वरवरचे डाग यांनी निघून जातात. "दात साफ केले की हलू लागतात" हा समज आपल्याकडे फार रुजलेला आहे. वस्तुस्थिती अशी की, किटणामुळे हिरडी व खालचे हाड आधीच खचलेले असते आणि सैल झालेले दात किटणाच्या कडेमुळे एकमेकांना धरून राहिलेले असतात. किटण काढल्यावर ते सैलपण उघड होते. साफ करण्याने ते निर्माण होत नाही. वेळेवर साफ केल्यास दात वाचतात.

साफ केल्यानंतरही रंग मनासारखा वाटत नसेल, तर विरंजनाचा विचार करता येतो. यालाच व्यवहारात ब्लीचिंग म्हणतात. त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड हे द्रव्य वापरतात. ते दंतवल्कातून आत झिरपते, त्यातून सुटलेला ऑक्सिजन रंगद्रव्यांचे कण फोडतो आणि दात उजळ दिसतो. दवाखान्यात केल्या जाणाऱ्या विरंजनात तीव्र द्रावण, साधारणतः २५ ते ४० टक्क्यांचे, वापरतात आणि त्यापूर्वी हिरड्यांवर संरक्षक लेप देतात. दुसरी पद्धत घरी करावयाची आहे. दंतवैद्य रुग्णाच्या दातांच्या मापाचा पातळ साचा बनवून देतो व रुग्ण त्यात सौम्य जेल घालून रात्री अथवा दिवसा काही तास तो दातांवर बसवितो. ही पद्धत १९८९ साली अमेरिकेत शास्त्रीय नियतकालिकातून मांडली गेली. तिच्यात नेहमी वापरल्या जाणाऱ्या १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडपासून सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. परिणाम हळू, दोन ते सहा आठवड्यांत दिसतो. निळ्या दिव्याने परिणामात टिकाऊ भर पडते, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

विरंजनापूर्वी काही गोष्टी प्रत्येकाने जाणून घेतल्या पाहिजेत. दात किडलेला असेल, चिरलेला असेल किंवा हिरड्या सुजलेल्या असतील, तर प्रथम त्यावर उपचार झाले पाहिजेत. अन्यथा द्रव्य आतल्या नसेपर्यंत पोहोचून असह्य ठणका लागतो. निरोगी दातांतही काही दिवस सणक जाणवते व पुढे ती बहुधा थांबते. दातात भरलेले सिमेंट, बसविलेली टोपी किंवा कृत्रिम दात यांचा रंग विरंजनाने बदलत नाही. म्हणून आजूबाजूचे दात उजळले आणि टोपी मात्र पूर्वीसारखीच राहिली, असे विचित्र दृश्य दिसू शकते. परिणाम कायमचा नसतो. काही महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत तो टिकतो आणि तंबाखू व चहा यांच्या प्रमाणानुसार ओसरतो. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनी हा उपचार पुढे ढकलावा. मुलांवर तर तो हौसेखातर करूच नये. युरोपीय संघाने २०१२ पासून लागू केलेल्या नियमांनुसार ०.१ टक्क्याहून अधिक हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली अशी प्रसाधने दंतवैद्यामार्फतच मिळू शकतात, त्यांची कमाल मर्यादा ६ टक्के आहे आणि अठरा वर्षांखालील व्यक्तींवर ती वापरता येत नाहीत. घरपोच येणाऱ्या संचावर द्रव्याचे नाव व प्रमाण छापलेले नसेल, तर तो न घेणेच शहाणपणाचे.

मेलेल्या नसेचा करडा दात वरून उजळत नाही. त्याच्या मुळावर उपचार करून तो आतून उजळावा लागतो. टेट्रासायक्लिनचे पट्टे कमी होण्यास कित्येक महिने लागतात व ते पूर्ण जातीलच असे नाही. दातावर पातळ आवरण बसविण्याचाही एक मार्ग आहे, परंतु त्यासाठी बहुधा दातांचे कवच थोडे कोरावे लागते. कोरलेले कवच परत येत नाही. कोवळ्या वयात केवळ रंगासाठी हा निर्णय घाईने घेऊ नये.

तेव्हा उपचारास संमती देण्यापूर्वी दंतवैद्यास पाच प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत. माझ्या दातांचा रंग कशामुळे बदलला आहे? कीड अथवा हिरड्यांचा आजार आहे काय? कोणते द्रव्य, किती तीव्रतेचे वापरणार? परिणाम किती दिवस टिकेल? आणि काहीच केले नाही तर अपाय होईल काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आले, तर निर्णयाची घाई करण्याचे कारण उरत नाही. उपचार करणारी व्यक्ती राज्य दंत परिषदेकडे नोंदलेली आहे, याचीही खात्री करावी. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत तपासणी व उपचार यांची सोय आहे आणि जिल्हा रुग्णालयांतूनही दंत विभागाचा सल्ला घेता येतो.

पाण्याने दिलेला डाग

आता मी अशा डागाकडे वळतो की, ज्यावरचा खरा उपाय दंतवैद्याच्या हाती नसून आपणा पंचायत सदस्यांच्या हाती आहे.

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड हा क्षार थोडा असेल तर तो दात किडण्यापासून वाचवितो. याच कारणासाठी फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट उपयुक्त असते; लहान मुलांना ती अल्प प्रमाणात द्यावी व गिळू देऊ नये, म्हणजे झाले. परंतु पाण्यातच हा क्षार प्रमाणाबाहेर असेल, तर हिरडीच्या आत घडत असलेल्या दाताचे दंतवल्क सदोष बनते. दात उगवतो तोच खडूसारख्या पांढऱ्या रेघा वा ठिपके घेऊन, आणि पुढे ते पिवळे-तपकिरी होतात. यास दंत-फ्लोरोसिस म्हणतात. भारतीय मानक संस्थेच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येते. ३ ते ६ मिलिग्रॅमपर्यंत प्रमाण गेले आणि असे पाणी वर्षानुवर्षे प्यायले गेले, तर हाडे व सांधे यांवरही परिणाम दिसू लागतो.

या डागाचा शोध कसा लागला, ती हकिकत बोधप्रद आहे. १९०१ साली अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य व्यवसायासाठी गेला. तेथील मुलांच्या दातांवर त्यास तपकिरी डाग आढळले. त्यांचे कारण शोधण्यात त्याने तीस वर्षे घालविली. १९२३ साली आयडाहो प्रांतातील ओकले या गावच्या पालकांनी त्यास सांगितले की, दूरच्या उष्ण झऱ्याचे पाणी नळाने गावात आणल्यानंतर मुलांच्या दातांवर डाग येऊ लागले. पाण्याच्या पृथक्करणात तेव्हा काहीच सापडले नाही. तरीही मॅकेने तो नळ बंद करून दुसऱ्या झऱ्याचे पाणी घेण्याचा सल्ला दिला. गावाने तो मानला, आणि काही वर्षांत लहान मुलांचे नवे दात स्वच्छ येऊ लागले. पाण्यातील दोषी द्रव्य फ्लोराइड आहे, हे १९३१ साली सिद्ध झाले. आपल्या देशात या विकाराची पहिली नोंद १९३७ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आढळले आहे. खडकात खोल गेलेल्या विंधणविहिरीत ते उथळ विहिरीपेक्षा बहुधा अधिक असते.

शिक्षक मित्रांनी येथे एक गोष्ट समजून घ्यावी. कायमच्या दातांचे दंतवल्क जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत घडते. म्हणजे सातवीतल्या मुलाच्या दातावरचा डाग, ते मूल दोन-तीन वर्षांचे असताना जे पाणी प्यायले त्याची नोंद आहे. त्या मुलाने आज कितीही घासले तरी तो जाणार नाही. अशा मुलास वर्गात उभे करून "दात घासत जा" म्हणून बोल लावणे अन्यायाचे आहे. तो दोष त्याच्या आळसाचा नसून गावच्या हापशाचा असतो. गावोगावच्या मुलींना या डागांपायी हसताना तोंडावर पदर अथवा हात धरावा लागतो, तो त्यांच्या कोणत्याच चुकीमुळे नाही.

हा डाग ओळखावा कसा? किटण हिरडीच्या कडेने बसते व नखाला लागते. कीड बहुधा एखाद्या दातास खड्डा पाडते. फ्लोरोसिसचे डाग मात्र डाव्या व उजव्या बाजूच्या सारख्याच दातांवर जोडीजोडीने, आडव्या रेघांनी दिसतात. एकाच वस्तीतील अनेक मुलांत ते आढळतात आणि मोठेपणी बाहेरगावाहून आलेल्यांत आढळत नाहीत. असे दिसले की शिक्षकाने त्या मुलांची वस्ती व पाण्याचा स्रोत यांची साधी यादी करावी आणि ती पंचायतीकडे द्यावी. निदान करणे हे दंतवैद्याचे काम आहे. परंतु लक्षात आणून देण्याचे काम वर्गासमोर रोज उभ्या राहणाऱ्या शिक्षकाइतके चांगले कोणीही करू शकणार नाही.

पंचायतीने ती यादी हाती येताच गावच्या जलसुरक्षकामार्फत प्रत्येक स्रोताचा नमुना पाणी तपासणी प्रयोगशाळेकडे पाठवावा. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण व संच देण्याची तरतूद करण्यात आली. त्याचाही लाभ घ्यावा. तपासणीचा अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवावा. ज्या हापशाचे पाणी सदोष ठरेल, त्यावर "पिण्यासाठी नाही" असे ठळक लिहावे. धुण्याभांड्यांस ते चालते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, परंतु फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्याने ते अधिक दाट होते. नागपूरच्या नीरी या संस्थेने तुरटी व चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची नालगोंडा पद्धत विकसित केली आहे. परंतु ती रोज काटेकोरपणे चालवावी लागते. शक्य तेथे निर्दोष स्रोताचे पाणी आणणे व पावसाचे पाणी साठविणे हाच शाश्वत मार्ग होय. केंद्र शासनाने २००८-०९ पासून फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. आपला जिल्हा त्यात समाविष्ट आहे किंवा नाही, याची चौकशी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे करावी.

ज्यांच्या दातांवर डाग आधीच आले आहेत, त्यांना दंतवैद्यकात उपाय आहेत. सौम्य डाग वरचा अगदी सूक्ष्म थर काढून, विरंजनाने किंवा दातांच्या रंगाच्या लेपाने झाकून पुष्कळ कमी करता येतात. वयात आलेल्या मुलामुलींना त्याचा लाभ जरूर मिळावा. परंतु पाणी तेच राहिले, तर एका मुलीचे दात उजळेपर्यंत तिच्या धाकट्या भावंडांचे दात त्याच रंगाने हिरडीतून वर येतील.

मित्रहो, दात पांढरे करण्याचे मार्ग मी सांगितले. त्यांच्या मर्यादाही सांगितल्या. आपल्याकडे कोणी विचारावयास आले, तर त्यास आधी तोंडाची तपासणी करून घेण्यास सांगा. मशेरीची डबी दिसली तर त्या माउलीस रागावू नका, तिच्या बाळाच्या वजनाची गोष्ट सांगा. आणि शाळेत एकाच वस्तीतील मुलांचे दात सारखेच डागाळलेले दिसले, तर त्या वस्तीच्या पाण्याचा नमुना या महिन्याच्या आत प्रयोगशाळेत पोहोचेल, एवढे पाहा. पाच-सहा वर्षांनी त्याच शाळेतील पहिली-दुसरीच्या मुलांना नवे दात येऊ लागतील. आपण केलेल्या कामाचा निकाल तेव्हा त्यांच्या तोंडावर लिहिलेला दिसेल.